सह्याद्रीचे रान राखा, शिवाराचे पाणी राखा
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



पीक, खत आणि पाणी यांवर आपण नेहमीच बोलतो. आज पाणी जिथून येते त्या रानाविषयी बोलू.

साताऱ्यातील कोयना आणि सांगलीच्या पश्चिम टोकाचे चांदोली ही दोन्ही अभयारण्ये १९८५ मध्ये जाहीर झाली. २००४ मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये ही दोन्ही जंगले जागतिक वारसा यादीत आली. गवा, सांबर, अस्वल, बिबट्या, रानकुत्री आणि शेकरू येथे नांदतात. राधानगरी, तिलारीमार्गे हे रान गोवा-कर्नाटकच्या जंगलांशी जोडलेले आहे. याच वाटेने वाघ येतात. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोबातून एक वाघीणही चांदोलीत आणण्यात आली.

आपण म्हणाल, "वाघ आला, त्याचा शेतकऱ्याला काय उपयोग?"

कोयनेच्या पाणलोटात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आटपाडी, जत भागात जेमतेम पाचशे. कोयनेचे बरेच पाणी विजेसाठी कोकणात उतरते. उरलेले कराडला कृष्णेत मिळते, तर चांदोली धरणातील वारणेचे पाणी सांगलीजवळ हरिपूरला. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजना कृष्णेचेच पाणी उचलतात. म्हणजे आटपाडीच्या डाळिंबाचे आणि तासगावच्या द्राक्षाचे मूळ सह्याद्रीच्या रानात आहे. झाडी आणि पालापाचोळा पाऊस जमिनीत मुरवतात व माती धरून ठेवतात. रान उघडे पडले की ओढे लवकर आटतात आणि धरणात गाळ येतो.

या रानासाठी अनेक गावांनी आपली घरे व जमिनी सोडल्या. त्यांचे ऋण आपल्यावर आहे. रानाच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसानही खरे आहे. एका रात्रीत गव्यांचा कळप भात तुडवतो, रानडुकरे भुईमूग उकरतात. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. वणवा लावू नये. जाळल्याने गवत चांगले येते हा गैरसमज आहे. आगीत बी, रोपे आणि पालापाचोळा जळतो व पहिल्याच पावसात माती वाहून जाते. उन्हाळ्यापूर्वी बांधावर जाळपट्टे काढावेत.

२. कुंपणात मुख्य लाइनची वीज सोडू नये. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसेही मरतात. झटका देणारे सौर कुंपण वापरावे. लगतच्या गावांनी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेची वन विभागाकडे चौकशी करावी.

३. जनावरांना लाळ्या-खुरकूताची लस दर सहा महिन्यांनी टोचून घ्यावी. हा रोग गव्यांना होतो आणि रानातून पुन्हा गोठ्यात येऊ शकतो. कुत्र्यांनाही लस द्यावी व त्यांना रानात मोकळे सोडू नये.

४. पिकाचे नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे लेखी तक्रार द्यावी. पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नये. जनावर मारले गेल्यास ४८ तासांत कळवावे व मृत जनावर जागेवरून हलवू नये. कमी मिळते म्हणून तक्रार टाळू नये. नोंदच नसेल तर नुकसान कागदावर येत नाही आणि भरपाई वाढवून मागण्यास आधार राहत नाही.

५. सरपणासाठी रानावर भार टाकू नये. गोबरगॅस बांधावा आणि बांधावर सुबाभूळ, हिरडा, जांभूळ लावावे.

पूर्वेकडील शेतकऱ्यांनाही एक विनंती आहे. पाण्याच्या पाळीसाठी आपण जसे एकत्र येतो, तसे शिराळा, पाटणच्या शेतकऱ्याला वेळेवर भरपाई मिळावी यासाठीही आवाज उठवावा. तो रान राखतो म्हणून आपला पाट वाहतो. राखणदाराचेच पीक बुडत राहिले, तर रान फार दिवस टिकणार नाही.