आधी जमीन, मग नकाशा



अध्यक्षाने आभारांत वेळ घालवू नये असे मला वाटते, म्हणून संयोजकांना एकदाच नमस्कार करतो आणि विषयाला हात घालतो.

घरांच्या प्रश्नावर बोलायला जर्मनीतल्या या एर्लांगेनइतके सोयीचे गाव दुसरे नसेल. १६८५ मध्ये फ्रान्समध्ये ह्यूगनॉट प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले गेले आणि ते देशोधडीला लागले. पुढच्याच वर्षी ब्रांडेनबुर्ग-बायरॉइथचा मार्कग्राफ क्रिस्टियान अर्न्स्ट याने त्यांच्यासाठी इथे नवे शहर वसवायला घेतले. योहान मोरिट्झ रिश्टर या वास्तुरचनाकाराने काटकोनात रस्ते आखले, चौक सोडले, आणि मग त्या आखणीवर घरे उभी राहिली. यात परोपकार थोडा आणि हिशेब जास्त होता. तीस वर्षांच्या युद्धाने त्याचा मुलूख ओसाड पडला होता आणि मोजे विणणारे, हातमोजे नि टोप्या करणारे कारागीर त्याला हवे होते. आज इथल्या कंपन्यांना इंजिनिअर हवेत, विद्यापीठाला संशोधक हवेत, म्हणून आपण मराठी माणसे इथे आहोत. फरक एवढाच की ह्यूगनॉटांना बोलावणाऱ्याने घराची सोय आधी पाहिली होती. आपल्या मुलांना नोकरीचे पत्र आधी मिळते आणि घर शोधायला ती नंतर निघतात. घर मिळालेच तर स्वयंपाकघरात ओटा नसतो, सिंक नसते, नुसत्या भिंती असतात. तेही भाडेकरूनेच आणायचे!

दुसऱ्या महायुद्धानंतर सीमेन्सचा कारभार बर्लिनहून इथे आला आणि विद्यापीठाचे हे आटोपशीर गाव फुगत गेले. १९७२ मध्ये आसपासची खेडी शहराच्या हद्दीत आली. त्याच वर्षी महापौर झालेले डीटमार हालवेग १९९६ पर्यंत त्या पदावर होते. सायकलचे शहर म्हणून एर्लांगेनचे नाव झाले ते त्यांच्याच काळात. मला त्यांचे अधिक अप्रूप वाटते ते न बांधलेल्या जागेसाठी. शहराच्या मधोमध रेग्निट्झ नदीचे कुरण आजही मोकळे आहे. पाणी चढले की ते कुरणात पसरते, कोणाच्या बैठकीच्या खोलीत येत नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या घरांत ते कसे शिरले हे पुणेकरांना सांगायला नको.

पण माझा आजचा मुद्दा जमिनीच्या मालकीचा आणि तिच्या किमतीचा आहे. शेताला शेताचा भाव असतो. नगररचनाकाराने नकाशावर त्याच शेताला निवासी रंग दिला की भाव कितीतरी पटींनी चढतो. मालकाने त्यासाठी काही केलेले नसते. ही वाढ कोणाची? बव्हेरियाच्या १९४६ च्या राज्यघटनेतले कलम १६१ याचे उत्तर देते. मालकाच्या कष्टाशिवाय वा भांडवलाशिवाय वाढलेले जमिनीचे मूल्य सर्वांच्या उपयोगी आणावे, असा त्याचा आशय आहे. त्याच घटनेचे कलम १०६ बव्हेरियाच्या प्रत्येक रहिवाशाचा योग्य घरावर हक्क मानते. हे कोणा डाव्या क्रांतिकारकांचे लिखाण नव्हे. युद्धात बेचिराख झालेल्या एका परंपरानिष्ठ राज्याने शहाणपणाने लिहून ठेवलेली ही कलमे आहेत. पुढे कितीतरी वर्षे ती बहुतांशी कागदावरच राहिली, हेही खरेच.

ती कागदावरून उतरवायची तर क्रम पाळावा लागतो. शहराच्या पूर्वेला अमेरिकन सैन्याची फेरिस बराक्स ही छावणी होती. शीतयुद्ध संपले, १९९४ मध्ये सैनिक गेले. शंभर हेक्टरांहून मोठी ही जागा खुल्या बाजारात गेली असती तर काय झाले असते ते मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनी पाहिलेल्या माणसाला विचारा. इथे पालिकेने ती केंद्र सरकारकडून घेतली, आराखडा केला, मग भूखंड विकले, आणि मिळालेल्या पैशातून रस्ते, शाळा, बालवाड्या, बागा झाल्या. आजचा रोटेलहाइमपार्क तो हाच. लष्करी कवायतीचे वाळूचे मैदान निसर्गासाठी राखून ठेवले. पश्चिमेला ब्युखेनबाखमध्येही तीच रीत वापरली. जर्मन बांधकाम कायद्यातल्या ‘विकास-उपाय’ या तरतुदीनुसार पालिका जमीन विकासापूर्वीच्या भावाने घेते, सोयी करते आणि नव्या भावाने विकते. मधला फरक सोयींवरच खर्च करायचा असे बंधन आहे. आधी जमीन हातात, मग रंगीत नकाशा.

आपला क्रम नेमका उलटा आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली आपण आधी विकास आराखडा करतो आणि त्यात शाळा, उद्यान, दवाखाना अशी आरक्षणे टाकतो. भाव चढतो आणि मग पालिका पैसे शोधायला लागते. दहा वर्षे जमीन घेतली नाही तर मालकाची कलम १२७ ची नोटीस येते, आणि त्यानंतरही मुदतीत ती घेतली नाही तर आरक्षण व्यपगत होते. पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, द्यायची वाट १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मुंबईत काढली. तिने काही उद्याने मिळाली, पण त्यांच्या बदल्यातले चटई क्षेत्र भलत्याच उपनगरात जाऊन बसले आणि तिथल्या नळाला नि गटाराला कोणी विचारले नाही.

आणि गंमत पाहा, यावरचे एक औषध आपण जर्मनीतूनच आणले होते. फ्रँकफुर्टचे महापौर फ्रान्झ आडिकेस यांनी १९०२ मध्ये एक कायदा करून घेतला. वेड्यावाकड्या तुकड्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते नि मोकळ्या जागा काढायच्या, आणि उरलेल्यातून प्रत्येक मालकाला थोडा लहान पण चौरस, रस्त्यालगतचा भूखंड परत द्यायचा. तीच कल्पना १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात आली. आर्थर मिराम्स या सल्लागार सर्वेक्षकाने तिचा पाठपुरावा केला. वांद्रे, खार, सांताक्रूझ, विलेपार्ले इथल्या टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, या तिच्याच पोटच्या. आपल्यापैकी कोणाचे माहेर-सासर तिथे असेल तर पत्त्यात अंतिम भूखंड क्रमांक आजही सापडेल. मूल्यवाढीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मालकाकडून घेण्याची सोयही कायद्यात आहे. गुजरातने हे साधन टिकवले आणि अहमदाबादचा वर्तुळाकार रस्ता त्यातूनच काढला. आपण मात्र ते फडताळात ठेवून दिले. कारण तांत्रिक नव्हते. योजना संथ चालते, प्रत्येक मालकाशी बोलावे लागते, आणि आरक्षण उठवण्यात जो ‘रस’ असतो तो तिच्यात नसतो. आता नवी मुंबई विमानतळाभोवतीचे सिडको महामंडळाचे नैना क्षेत्र आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची म्हाळुंगे-माण योजना यांच्या रूपाने ती परत आली आहे.

इथे टाळ्या वाजवून थांबता येत नाही. ‘आधी जमीन’ हे सूत्र आपणही एकदा वापरले आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी शेतजमिनी शेतीच्या भावाने घेतल्या गेल्या. क्रम बरोबर होता, पण नफ्यात मूळ मालकाचे पान कोणी मांडले नव्हते. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, आणि शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची मागणी पुढे मान्य झाली. नैनामध्ये आज शेतकऱ्याला चाळीस टक्के मिळतात, तरी तो साशंक आहे. मी त्याला दोष देत नाही. ज्या शहराने त्याच्या आजोबाला फसवले त्याच शहराचा माणूस नवा नकाशा घेऊन दारात उभा आहे.

एर्लांगेनचा शेतकरीही साशंकच निघाला. ब्युखेनबाखच्या पलीकडे आणखी पश्चिमेला नवी वस्ती करता येईल का, याचा नुसता प्राथमिक अभ्यास करायचे पालिकेने ठरवले होते. शेतकरी, जुन्या गावठाणांतले रहिवासी, निसर्गप्रेमी एकत्र आले, आणि २०१८ च्या सार्वमतात बहुमताने तो अभ्याससुद्धा थांबवला. सुपीक माती वाचली हे चांगलेच झाले. पण भाडे परवडत नाही म्हणून रोज फोर्खहाइमहून वा बाम्बेर्गहून आगगाडीने येणारी परिचारिका त्या मतदानात नव्हती. घर ज्याच्याजवळ आहे तो मत देतो. ज्याला घर हवे आहे तो अजून गावात आलेलाच नसतो. लोकशाही नगररचनेतली ही खोच मला सर्वांत अवघड वाटते, आणि इथल्या पालिकेलाही तिचे उत्तर सापडलेले नाही. न्युरेम्बर्गपर्यंतच्या ट्रामचा प्रश्नही २०१६ मध्ये लोकांपुढे गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा गेला. दोन्ही वेळा होकार आला, दुसऱ्यांदा मात्र निसटता.

या सभागृहात भारतीय पासपोर्टवाले जे आहेत त्यांनाही ही मते देता आली नाहीत. पालिकेच्या निवडणुकीत जर्मन नागरिक आणि युरोपीय संघाचे नागरिक एवढेच मतदार. पण बांधकाम आराखड्याचा मसुदा महिनाभर लोकांसाठी खुला ठेवावा लागतो आणि त्यावर कोणीही लेखी म्हणणे देऊ शकतो. तिथे पासपोर्ट कोणी विचारत नाही. आपल्याकडे कलम २६ खाली हरकतींना तीस दिवस मिळतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा एकाच मजकुराच्या छापील प्रती होत्या, आणि तशी हरकत सुनावणीत एका मिनिटात निकाली निघते. म्हणून दुपारचे सत्र मी भाषणांसाठी न ठेवता कामासाठी मागून घेतले आहे. एर्लांगेनचा एक आणि पुणे जिल्ह्यातला एक असे दोन आराखडे टेबलांवर मांडले आहेत. प्रत्येक गटाने एक भूखंड निवडायचा, त्याचा आजचा मालक, आजचा वापर आणि बदलणारी किंमत यांचा विचार करायचा, आणि एकच पण नेमकी हरकत मराठीत लिहायची. जर्मन मसुदा करायला आपली इथली तरुण मंडळी मदतीला आहेत.