बायोलॉजीचं जर्नल कॉपी करू नका

आजचा भाग अकरावी-बारावी सायन्सच्या पोरापोरींसाठी आहे. त्यातही मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा, चामोर्शी या आपल्या पट्ट्यातल्या ज्यांनी दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकलं आणि अकरावीत एकदम बायोलॉजीचं इंग्रजी पुस्तक हातात आलं, त्यांच्यासाठी.

आधी हिशोब समजून घेऊ. बारावी बोर्डाला बायोलॉजी 100 मार्कांची. त्यात 70 लेखी, 30 प्रॅक्टिकल. लेखी पेपरमध्ये 10 प्रश्न पर्यायांचे आणि 8 एका वाक्याचे, सगळे एकेका मार्काचे. मग 2 मार्कांचे 12 पैकी 8, 3 मार्कांचे 12 पैकी 8 आणि 4 मार्कांचे 5 पैकी 3. धडे 15. म्हणजे एखादा धडा जड गेला तरी पर्याय आहेत, घाबरायचं कारण नाही.

त्यावर एन्ट्रन्स. नीटला 720 पैकी 360 मार्क बायोलॉजीचे, चुकलं की एक मार्क कटतो. आपल्या सीईटीत पीसीबी ग्रुपला 200 पैकी 100 मार्क बायोलॉजीचे, तिथे चुकीला मार्क कटत नाहीत. नीटचा पेपर मराठीतही घेता येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

आता मुद्द्याचं बोलतो. सर-मॅडमची अपेक्षा काय असते? पाठांतर? थोडंफार लागतंच. पण खरी अपेक्षा अशी असते की तुम्ही स्वतः बघावं, जे दिसलं ते नीट काढावं आणि त्याचं कारण आपल्या शब्दांत सांगावं. हे शिकायची जागा म्हणजे ते 30 मार्कांचं प्रॅक्टिकल. आणि आपण नेमकं तेच सिनिअरच्या जर्नलवरून एका रात्रीत उतरवून काढतो. आकृतीसकट, रीडिंगसकट! मार्क कदाचित मिळतीलही. पण हातात काय राहतं?

एक नाव सांगतो. दादाजी खोब्रागडे. आपल्याच जिल्ह्यातले, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत, शेती थोडकीच. 1983 साली धानात फिरताना त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर झाकेच्या. आपण बघून पुढे गेलो असतो. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, बी जपलं, पुढच्या हंगामात निराळं पेरलं, पुन्हा निवडलं. असं वर्षानुवर्षं केलं. त्यातून जो बारीक तांदूळ आला तो एचएमटी. तेव्हाच्या गाजलेल्या घड्याळाचं नाव पडलं त्याला. आज तो कितीतरी राज्यांत पिकतो. पुढे डीआरके नावाचं वाण आलं, ती त्यांच्याच नावाची अक्षरं. 2018 साली ते गेले.

आता बारावीच्या पुस्तकात ‘एन्हान्समेंट ऑफ फूड प्रॉडक्शन’ हा धडा उघडा. व्हेरिएशन शोधा, सिलेक्शन करा, तपासा, बी वाढवा. दादाजींनी शेतात जे केलं, त्याचीच ही इंग्रजी नावं आहेत. पुस्तक नव्हतं त्यांच्याकडे, नजर होती. तुमच्याकडे पुस्तक आहे. नजर तेवढी तयार करा.

आणि त्यासाठी आपल्या भागासारखी प्रयोगशाळा दुसरी नाही. क्वाड्रॅट मेथड घ्या. शहरातली पोरं कॉलेजच्या लॉनवर करतात. तुम्ही चार काड्या आणि सुतळी घ्या, एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन करा आणि बांधीच्या धुऱ्यावर ठेवा. एका जातीची झाडं मोजा. असं दहा जागी करा. एकूण झाडं भागिले दहा, ही झाली डेन्सिटी. मग तेच जंगलाच्या कडेला करा, पण एकटं नाही, आत शिरून नाही, आणि वाघाची खबर असेल तर अजिबात नाही. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवले की व्हायव्हाला बोलायला आपलं स्वतःचं काहीतरी असतं.

मातीची पाणी धरून ठेवायची क्षमता? बांधीतली चिकण माती आणि टेकाडावरचा मुरूम दोन्ही आणा. धान कुठे होतो आणि का होतो, हे आकड्यातच दिसेल. कांद्याच्या मुळाच्या टोकात पेशीविभाजन बघायचं? कांदा पाण्यावर ठेवला की दोन-चार दिवसांत मुळं फुटतात. कांद्याची क्रोमोसोम 16. मायटॉसिसनंतर नव्या पेशीत किती? 16च. का? हे ज्याला सांगता आलं त्याला तो धडा आला. स्लाइड नीट दिसली की मोबाईलचा कॅमेरा आयपीसला लावून फोटो काढा आणि घरी त्यावरून पेन्सिलने आकृती काढा. फोन असाही कामाचा असतो बरं का!

आता जरा जपून बोलायचा विषय. सिकलसेल. चंद्रपूर-गडचिरोलीत हा शब्द नवा नाही. इनहेरिटन्सच्या धड्यात आपण चौकोन काढतो, आई एएस, बाबा एएस. उत्तर येतं 25 टक्के एए, 50 टक्के एएस, 25 टक्के एसएस. मार्क मिळाले, पान उलटलं. थांबा ना जरा! त्या चौकोनाचा अर्थ असा की आईवडील दोघंही धडधाकट दिसू शकतात, पण वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. ‘पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली’ असं ते गणित नाही. दर वेळी नव्याने चारात एक.

कारण केवढंसं? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. एवढ्या एका बदलाने तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि माणूस दुखण्याने तळमळतो. घरात कुणाला हे असेल तर तो कुणाचा दोष नाही, कसली करणी नाही. 2023 साली देशात सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा. आणि लग्न जुळवताना पत्रिकेआधी हा रिपोर्ट बघा, हे घरात सांगायची हिंमत तुम्हीच करू शकता. कारण तो चौकोन घरात फक्त तुम्हाला काढता येतो.

राहिलं इंग्रजी. एक साधी वही करा, तीन रकाने. इंग्रजी शब्द, दहावीतला मराठी शब्द, छोटी आकृती. पोलिनेशन म्हणजे परागीभवन, न्यूक्लियस म्हणजे केंद्रक. दहावीच्या विज्ञान भाग 2 मधला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती आहे. बालभारतीच्या साइटवर पुस्तक फुकट मिळतं. आधी तो मराठीत वाचा, मग बारावीचा इंग्रजी धडा घ्या. निम्मं ओळखीचं निघेल. रोज पाच शब्द केले तरी वर्षाला अठराशेच्या वर जातात. इंग्रजी जमत नाही म्हणून सायन्स सोडायचा विचार चालू असेल, तर आधी दोन महिने ही वही करून बघा.

या आठवड्याचं काम एवढंच. जर्नलमधला एक प्रयोग निवडा, तो पहिल्यापासून स्वतः करा आणि जे दिसलं तेच लिहा. पुस्तकापेक्षा वेगळं आलं तर खोडू नका. सरांना, मॅडमना विचारा, ‘असं का आलं?’ खोब्रागडेंच्या लोंब्याही वेगळ्याच होत्या.

भेटू पुढच्या भागात. अभ्यास करा, झोपही घ्या. रामराम, जय भीम, जय सेवा!