न मांडलेला कर



28 ऑक्टोबर 1980 ची रात्र. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात अध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांना आव्हान देणारे रोनाल्ड रेगन निवडणुकीच्या वादविवादात समोरासमोर उभे होते. मतदानाला जेमतेम आठवडा उरला होता. शेवटच्या निवेदनात रेगन यांनी कॅमेऱ्याकडे पाहत मतदारांना सरळ विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललंय का? दुकानात जाऊन वस्तू विकत घेणं सोपं झालंय का? इराणमध्ये तेव्हा 52 अमेरिकन ओलीस अडकून पडले होते, अफगाणिस्तानात सोव्हिएत रणगाडे घुसले होते. तरी रेगन यांनी आधी घरखर्चाचा विषय काढला. 4 नोव्हेंबरला त्यांनी 50 पैकी 44 राज्यं जिंकली आणि 1955 पासून डेमोक्रॅट पक्षाकडे असलेलं सिनेटही रिपब्लिकनांच्या हाती आलं.

त्याच वर्षीच्या जानेवारीत आपल्याकडे इंदिरा गांधी कांद्याचा भाव प्रचारात आणून पुन्हा सत्तेवर आल्या होत्या. इकडचा काय किंवा तिकडचा काय, महिनाअखेरीला पगार पुरत नाही हे मतदाराला कुणी अर्थतज्ज्ञाने येऊन सांगावं लागत नाही.

मी उजव्या आर्थिक विचाराचा माणूस आहे, आणि आज जे सांगणार आहे ते त्याच भूमिकेतून. महागाई हा सरकारने लावलेला कर आहे, असं माझं ठाम मत आहे. या कराचं विधेयक मांडलं जात नाही, त्यावर चर्चा होत नाही, त्याच्या बाजूने हात वर करून कुणी बदनाम होत नाही. सरकार मिळकतीपेक्षा जास्त खर्च करतं, मध्यवर्ती बँक पैसा सैल सोडते, आणि वसुली होते ती दूध-अंड्यांच्या दुकानात, पेट्रोलपंपावर, घरभाड्यात. अमेरिकेत या कराचा हिशेब मतदाराने दोनदा चुकता केला, 1980 साली आणि 2024 साली. दोन्ही वेळा तो न्याय्यच होता. चिंता मला वेगळ्याच गोष्टीची आहे. ज्यांनी हा हिशेब मतदारासमोर मांडला, तेच आता तो विसरू लागले आहेत.

सत्तरच्या दशकातली महागाई सुरू केली ती डाव्यांनी एकट्यांनी नव्हे. 15 ऑगस्ट 1971 च्या रविवारी संध्याकाळी रिचर्ड निक्सन, म्हणजे रिपब्लिकन अध्यक्ष, टीव्हीवर आले आणि त्यांनी डॉलरची सोन्याशी असलेली सांगड तोडली. शिवाय देशभरातले पगार आणि दर 90 दिवसांसाठी गोठवून टाकले. पुढच्या वर्षी निवडणूक होती. फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष आर्थर बर्न्स यांच्यावर पैसा सैल ठेवण्यासाठी व्हाइट हाउसमधून दबाव येत होता. निक्सन यांनी 49 राज्यं जिंकली. नंतर बिल आलं. 1973 च्या उन्हाळ्यात दर पुन्हा गोठवले गेले, तेव्हा कोंबड्यांचं खाद्य महागलेलं आणि कोंबडीचा दर मात्र बांधलेला, अशी स्थिती झाली. पिल्लं वाढवून विकण्यात तोटाच होता, म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी हजारो पिल्लं पाण्यात बुडवून मारली. लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं. हुकूम काढून भाव खाली आणू पाहणाऱ्या प्रत्येक सरकारने ते चित्र समोर ठेवावं असं मला वाटतं.

त्यानंतर आले जेराल्ड फोर्ड. त्यांनी ऑक्टोबर 1974 मध्ये महागाईला हरवा असं सांगणारे लाल बिल्ले कोटाला लावायला सांगितले. त्यानंतर कार्टर. 1979 मध्ये इराणमधल्या क्रांतीनंतर तेल आटलं. पण पंपांवर मैल-मैल रांगा लागल्या त्या केवळ तेल कमी होतं म्हणून नाही. निक्सन यांच्या काळापासून तेलाच्या दरावर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण होतं, त्यामुळे जिथे गरज होती तिथे तेल पोचत नव्हतं. कॅलिफोर्नियात गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा सम की विषम, हे पाहून एकाआड एक दिवस पेट्रोल मिळू लागलं. रेगन यांनी सत्तेवर आल्यावर आठच दिवसांत उरलेली नियंत्रणं उठवली. देशभर तशा रांगा पुन्हा लागल्या नाहीत.

1980 साली अमेरिकेत भाववाढीचा सरासरी दर 13.5 टक्के होता. त्या काळात महागाई आणखी एका वाटेने लोकांच्या खिशात शिरत होती. समजा, डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यातल्या कामगाराचा पगार दहा टक्क्यांनी वाढला आणि बाजारातले भावही दहा टक्क्यांनीच वाढले. म्हणजे त्याच्या पदरात जादा काहीच पडलं नाही. पण करखात्याच्या वहीत त्याचं उत्पन्न वाढलं, तो वरच्या टप्प्यात गेला आणि चढ्या दराने कर भरू लागला. गरिबी तीच, कर मात्र श्रीमंताचा! अमेरिकन काँग्रेसने करवाढीचा ठराव केला नव्हता, तरी तिजोरी भरत होती. घरांचंही तेच. कॅलिफोर्नियात घरांच्या किमती फुगल्या आणि त्यांच्याबरोबर मालमत्ताकर. निवृत्तीवेतनावर जगणारी म्हातारी माणसं स्वतःच्याच घरात राहणं परवडेना म्हणून घाबरून गेली. जून 1978 मध्ये हॉवर्ड जार्व्हिस या तिखट म्हाताऱ्याने पुढे रेटलेला ठराव क्रमांक 13 तिथल्या मतदारांनी जवळजवळ 65 टक्क्यांनी मंजूर केला. मालमत्ताकर एक टक्क्यावर बांधला गेला आणि मूल्यांकन वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायला मनाई झाली. रेगन यांचा विजय खरं तर त्या दिवशीच दिसू लागला होता.

1981 च्या रेगन यांच्या करकायद्याची चर्चा होते ती त्यांनी 70 टक्क्यांचा सर्वांत वरचा दर 50 वर आणला म्हणून. मला त्यातलं दुसरं एक कलम जास्त मोलाचं वाटतं. 1985 पासून कराचे टप्पे महागाईशी बांधले गेले. त्या डेट्रॉइटच्या कामगाराला वरच्या टप्प्यात ढकलणारी चोरवाट कायमची बंद झाली. इतकं साधं कलम, पण सामान्य पगारदाराच्या बाजूने इतकं ठामपणे उभं राहिलेलं दुसरं कलम मला त्या दशकात दिसत नाही.

पण करकपातीने महागाई मोडली नाही. ती मोडली पॉल व्होल्कर यांनी. सहा फूट सात इंच उंचीचा, स्वस्तातले सिगार ओढणारा हा माणूस फेडरल रिझर्व्हवर नेमला तो कार्टर यांनी, ऑगस्ट 1979 मध्ये. तो मान कार्टर यांना द्यायलाच हवा. निवडणूक डोक्यावर असताना व्याजदर चढवणारा माणूस त्यांनी नेमला आणि त्याची किंमत मोजली. व्होल्कर यांनी पैशाचा नळ आवळला. डिसेंबर 1980 मध्ये बँका आपल्या उत्तम ग्राहकांनाही साडेएकवीस टक्क्यांनी कर्ज देत होत्या. 1981 च्या ऑक्टोबरात 30 वर्षांच्या गृहकर्जाचा दर 18 टक्क्यांच्या वर गेला. घरं बांधणारे बिल्डर हातातल्या लाकडी ठोकळ्यांवर व्याजदर कमी करा म्हणून मजकूर लिहून ते टपालाने फेडरल रिझर्व्हला पाठवू लागले. न विकलेल्या मोटारींच्या किल्ल्या विक्रेत्यांनी शवपेटीत भरून पाठवल्या. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून वॉशिंग्टनमधल्या बँकेच्या इमारतीला घेराव घातला. 1982 च्या अखेरीला बेकारी 10.8 टक्के झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर इतकी बेकारी अमेरिकेने पाहिली नव्हती. या आकड्यामागे खरी माणसं होती, खरी घरं होती. हे दुःख टळलं असतं, पण ते 1971 साली टाळायला हवं होतं.

रेगन यांचा मोठेपणा मला दिसतो तो इथे. त्यांच्या पक्षातले लोक व्होल्करना आवरा म्हणून मागे लागले होते. 1982 च्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहात रिपब्लिकनांच्या 26 जागा गेल्या. तरीही रेगन यांनी व्होल्कर यांचे हात बांधले नाहीत, उलट 1983 मध्ये त्यांना पुन्हा नेमलं. त्या वर्षी महागाई 3.2 टक्क्यांवर आली होती. 1984 मध्ये रेगन यांनी 49 राज्यं जिंकली. मतदाराने कडू औषध गिळलं, कारण ते देणाऱ्याने ते कडू आहे हे लपवलं नव्हतं. 1975 ते 1979 या काळात रेगन रोज रेडिओवर छोटी भाषणं करत. त्यातली बरीचशी त्यांनी पिवळ्या कागदांवर स्वतःच्या हाताने लिहिलेली आहेत. सरकारी खर्च, करांचा बोजा, नियमांचा जाच हेच विषय त्यात पुन्हा पुन्हा येतात. सत्तेवर आल्यावर काय करायचं हे त्यांनी लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून झाली नाही. खर्च आटोक्यात आला नाही. त्यांच्या आठ वर्षांत देशावरचं कर्ज जवळजवळ तिप्पट झालं. संरक्षणावरचा खर्च शीतयुद्ध जिंकण्यासाठी गरजेचा होता, हे मला मान्य आहे. पण कर कमी करायचे आणि खर्चाकडे बघायचंच नाही, ही वाईट सवय रिपब्लिकन पक्षाला तिथूनच लागली.

आता अलीकडच्या काळाकडे येतो. 2020 मध्ये करोनाच्या संकटात ट्रम्प यांच्या सहीने सुमारे 2.2 लाख कोटी डॉलरचा कायदा झाला. तेव्हा देश बंद होता, त्याला इलाज नव्हता. पण मार्च 2021 मध्ये अर्थव्यवस्था उठून उभी राहत असताना बायडन सरकारने आणखी 1.9 लाख कोटी डॉलर ओतले. असं करू नका, महागाई भडकेल, असा इशारा लॅरी समर्स यांनी आधीच दिला होता, आणि समर्स हे क्लिंटन यांचे अर्थमंत्री, म्हणजे त्यांच्याच पक्षाचे. ऐकलं गेलं नाही. फेडरल रिझर्व्हही ही भाववाढ तात्पुरती आहे म्हणत बसली आणि व्याजदर वाढवायला मार्च 2022 उजाडला. जूनमध्ये महागाई 9.1 टक्क्यांवर गेली. चाळीस वर्षांत एवढी भाववाढ झाली नव्हती.

2024 च्या प्रचारात मोठमोठे विद्वान सांगत होते की महागाईचा दर तीन टक्क्यांच्या खाली आला आहे, मग लोक कुरकुरतात कशाला? दर खाली आला म्हणजे भाव खाली आले असं होत नाही. ते फक्त हळू चढू लागले. बायडन यांच्या चार वर्षांत भाव एकंदर 20 टक्क्यांहून जास्त वर गेले आणि वरच राहिले. मतदाराला वेडं ठरवणाऱ्या त्या लेखांचा मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो. मतदानानंतरच्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी अर्थव्यवस्था वाईट आहे असं सांगितलं. सातही अटीतटीची राज्यं ट्रम्प यांच्याकडे गेली.

आणि मग काय झालं? ज्या मतदाराने भाव कमी करा म्हणून मत दिलं, त्याच्यावर एप्रिल 2025 मध्ये आयातशुल्कांचा डोंगर ठेवला गेला. ऑगस्टअखेर भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लागलं, तेव्हा अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांना त्याची झळ बसली. पण आयातशुल्क हा मुळात अमेरिकन ग्राहकावरचा कर आहे. रेगन यांनी 25 एप्रिल 1987 च्या रेडिओ भाषणात हेच बजावलं होतं, की आयातशुल्कं सुरुवातीला देशभक्तीची वाटतात, पण कालांतराने कामगार आणि ग्राहक दोघांचंही नुकसान करतात. नोव्हेंबर 2025 मध्ये व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांची गव्हर्नरपदं डेमोक्रॅट उमेदवारांनी महागाईच्याच मुद्द्यावर जिंकली. दहा दिवसांत सरकारने गोमांस, कॉफी आणि केळी यांच्यावरची शुल्कं उठवली. शुल्काने भाव चढतात याची याहून स्पष्ट कबुली कोणती?

कर्जाचं तर बोलायलाच नको. 36 लाख कोटी डॉलरचा टप्पा 2024 मध्येच ओलांडला गेला, आणि त्या आर्थिक वर्षात व्याजावर झालेला खर्च संरक्षणावरच्या खर्चाहून जास्त होता. जगातल्या सर्वांत खर्चिक सैन्यापेक्षा सावकाराला जास्त! तरी जुलै 2025 च्या कायद्याने पुढच्या दहा वर्षांत तूट आणखी तीन लाख कोटी डॉलरहून जास्त वाढेल असा अमेरिकन काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब आहे. तो कायदा रिपब्लिकनांनी केला. वाढत्या तुटीचा दबाव आज ना उद्या फेडरल रिझर्व्हवर येतो, व्याजदर कमी करा अशी मागणी सुरू होते, आणि आपण निक्सन-बर्न्स यांच्या दारात परत येऊन उभे राहतो.

यातून वाट नाही असं मात्र नाही. 1983 मध्ये वृद्धांच्या निवृत्तीवेतनाचा निधी आटत आला होता. ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या आयोगाने तोडगा सुचवला. रेगन आणि प्रतिनिधिगृहाचे डेमोक्रॅट सभापती टिप ओनील यांनी तो मिळून मंजूर करून घेतला. निवृत्तीचं वय 65 वरून टप्प्याटप्प्याने 67 वर नेलं, आणि करवाढही ठरलेल्या तारखेआधी लागू केली. दोघांनाही आपापल्या मतदारांना न आवडणारं काही सांगावं लागलं, आणि दोघांनीही ते सांगितलं. आता तोच निधी 2033 च्या सुमारास पुन्हा आटणार आहे. तसं झालं तर कायद्यानेच प्रत्येकाच्या निवृत्तीवेतनात साधारण पाचव्या हिश्श्याहून जास्त कपात होईल. आठ वर्षांपेक्षाही कमी अवधी हाताशी आहे, आणि दोन्ही पक्षांचे नेते या विषयाला हात लावणार नाही अशा शपथा घेत फिरत आहेत.

यात डेमोक्रॅट पक्षाकडून मी फारशी अपेक्षा करत नाही, कारण खर्च कमी करू या वचनावर ते सहसा मतं मागत नाहीत. रिपब्लिकनांनी ते म्हटलं होतं, त्यावर मतं घेतली होती. भाव आणि कर्ज या दोन गोष्टींवर त्यांनी दिलेला शब्द आज मोडलेला आहे, आणि तो त्यांनीच पुन्हा जोडायला हवा.