रिकाम्या स्लॉटची किंमत



आपण शाळेला संगणक भेट देणार आहोत. कोणते घ्यावेत, यावर बोलायचं काम माझ्याकडे आलंय, म्हणून चार शब्द.

आपल्या वालावलकडे चिऱ्याचं घर बांधताना पुढे खोली वाढवायची असेल तर गवंडी भिंतीच्या टोकाला चिरे पुढे-मागे सोडतो. त्यामुळे नवी भिंत जुनीत नीट गुंतते. संगणकातले रिकामे स्लॉट म्हणजे असेच सोडलेले चिरे.

कामाचा डेस्कटॉप एकदम म्हातारा होत नाही. आधी हार्ड डिस्क मंदावते, मग मेमरी अपुरी पडते, एखाद्या पावसाळ्यात विजेने पॉवर सप्लाय जातो. तेवढाच भाग बदलता आला तर खर्च थोडक्यात भागतो, नाहीतर अख्खं यंत्र भंगारात जातं. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप आणलं. त्या मापाचा पॉवर सप्लाय आजही मिळतो, कुठल्याही कंपनीचा घ्या.

मोठ्यांनाही हे कळायला वेळ लागला. ॲपलने २०१३ मध्ये व्यावसायिकांसाठीचा मॅक प्रो नळकांड्यासारखा, देखणा बनवला, पण आत कार्डासाठी एकही स्लॉट ठेवला नाही. पुढे जास्त तापणारी ग्राफिक्स कार्डं आली, ती त्यात मावेनात. २०१७ मध्ये कंपनीने पत्रकारांसमोर ही अडचण मान्य केली आणि २०१९ च्या मॅक प्रोमध्ये ८ स्लॉट दिले.

अर्थात स्लॉटने सगळंच सुटत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. प्रोसेसर फार जुना असेल तर कितीही मेमरी घाला, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रावर लिनक्स घालून काम चालवता येतं.

तर गाववाल्यांनू, माझं म्हणणं इतकंच. स्क्रीनमध्येच सगळं कोंबलेला ऑल-इन-वन नको. मेमरीची एक जागा आणि कार्डाचा एक स्लॉट रिकामा असलेला, नेहमीच्या मापाचा पॉवर सप्लाय असलेला डेस्कटॉप घेऊ. संगणक दोन कमी आले तरी चालतील, पण जमलेल्या पैशातले थोडे पुढच्या मेमरीसाठी नि डिस्कसाठी मागे ठेवू. आज पाचवीत बसलेली मुलं दहावीला जातील तेव्हाही त्यांना हेच संगणक वापरायचे आहेत.