काचेतून दिसणारा घाव



इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरातले जुने चर्च १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जळाले. १९६२ साली शेजारीच नवे उभे राहिले. पडक्या भिंती मात्र त्यांनी तशाच राखल्या आणि नव्या चर्चच्या त्या बाजूला भली मोठी काचेची भिंत घातली. तिच्यावर जॉन हटन या कलावंताने फिरत्या चाकाने घासून संत-देवदूतांच्या ६६ आकृती हाताने कोरल्या. दहा वर्षे खपला माणूस! काचेवर उमटलेली रेघ पुसता येत नाही, बरं का.

आत उभे राहिले की त्या आकृतींमधून जुने भग्नावशेष दिसतात. आम्हांस वाटते, आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसलेलेही पोरांना असेच दिसत राहावे. लपवू नये. जयभीम!