उशिरा पडणारी विकेट



आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याच्या चौकातल्या टपरीवर रेडिओ लावलेला असतो आणि बाकड्यावरची पोरं तोच सामना मोबाइलवर बघत असतात. कॉमेंट्री हिंदीतून, वाद मराठीतून. रेडिओ ओरडतो, "आउट!" आणि मोबाइलमधला बॉलर अजून रनअपच घेत असतो. पोरं नेटला शिव्या घालतात.

आता नेट म्हणजे मुळात काचेच्या तंतूतून धावणारा उजेड. काचेत तो सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबईहून आदिलाबादला केबल वळणं घेत हजार किलोमीटर आली असं धरलं, तरी सेकंदाच्या दोनशेव्या भागात काम फत्ते. मग मधलं अर्धं मिनिट जातं कुठे? चित्र दाबून लहान करण्यात, त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडण्यात, आणि मध्येच अडकू नये म्हणून फोन दोन-चार तुकडे आधीच साठवतो, त्यात. उजेड बिचारा निर्दोष आहे.

हा तंतू आपल्याला परका नाही. छत्रपती संभाजीनगरला स्टरलाइटच्या कारखान्यात तो बनतो. काचेची जाड कांडी उंच मनोऱ्यात वरून सोडतात, सुमारे 2000 अंशांच्या भट्टीत ती मऊ होते आणि पाकाची तार निघावी तशी खाली ओघळते. जाडी मिलिमीटरचा आठवा भाग. उजेड जातो तो मधला गाभा तर अवघा 9 मायक्रॉनचा. साधी काच मात्र इथे चालत नाही. उजेड काचेमुळे नव्हे, तिच्यातल्या अशुद्धीमुळे विझतो, हे चार्ल्स काओ यांनी 1966 मध्ये मांडलं. त्याचं नोबेल त्यांना मिळालं 2009 मध्ये. विकेटच काय, बक्षीससुद्धा उशिरा!

जेसीबीनं केबल तोडली की जॉइंट मारणारा माणूस बघा. तंतू सोलतो, स्पिरिटनं पुसतो, टोकं सरळ कापून मशीनमध्ये समोरासमोर धरतो. बारीकशी ठिणगी, आणि काच काचेला जुळते.

आता डेटा सेंटरमध्येही एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे बरीचशी माहिती उजेडानंच जाते. चिपपासून त्या उजेडापर्यंतच्या वाटेवर मात्र अजून तांबं आहे, आणि वेग वाढवला की तांब्याची तार तापते. म्हणून लेझरचा उजेड थेट चिपच्या शेजारी आणण्याची खटपट चालली आहे. त्यानं वीज वाचेल. विकेट मात्र त्यामुळे लवकर पडणार नाही.

तेव्हा पुढचा सामना मोबाइलवर बघायचा असेल, तर टपरीपासून जरा लांब बसा.