सुलतान बाजार : दोन ग्रंथालये आणि एक सभा

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्या-सोलापूरहून पाहुणे आले की आपण त्यांना काय दाखवतो? चारमिनार, सालारजंग, गोवळकोंडा, आणि सोबत मुले असली तर फिल्म सिटी. कोठी-सुलतान बाजारलाही नेतो, पण ते साड्या घ्यायला. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही या वस्तीकडे आपण बाजार म्हणूनच पाहत आलो. गेल्या वर्षभरात मंडळातले आम्ही पाच-सहा जण रविवारी सकाळी, दुकानांची शटर वर जाण्याआधी, हा भाग पायी फिरलो. आमच्यातले बहुतेक राज्य सरकारच्या नोकरीतले, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. इतिहासाचा प्राध्यापक आमच्यात एकही नाही. तेव्हा पाहिले आणि वाचले, तेवढेच सांगतो.

सुरुवात कोठीपासूनच करायला हवी, कारण सगळ्या भागाला नाव त्या एका इमारतीने दिले. ही कोठी म्हणजे इंग्रजांची रेसिडेन्सी. रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ती उभारायला घेतली, नकाशे मद्रास इंजिनियर्सच्या सॅम्युअल रसेलचे, आणि पैसा निजामाचा. कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांच्या लग्नाची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे, ती पुन्हा सांगत नाही. आम्हा डिप्लोमावाल्यांना भुरळ पडली ती समोरच्या सहा खांबांची. लांबून संगमरवरी वाटतात, पण तो घोटलेल्या चुन्याचा गिलावा आहे. आज सिमेंटवर असा हात चालवणारा गवंडी मिळणे कठीण. १९४९ मध्ये इथे मुलींचे कॉलेज आले. समोर बसलेल्या कितीतरी भगिनी तिथे शिकलेल्या असतील आणि त्या पायऱ्यांवरच्या सिंहांशेजारी बसून डबा खाल्लेला असेल!

१७ जुलै १८५७ ला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रोहिल्यांना घेऊन याच कोठीवर हल्ला केला. तो फसला. तुर्रेबाज खान पुढे मारला गेला, मौलवींना अंदमानला पाठवले. कोठीच्या बसथांब्यावर त्याचे स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे माणसे बसची वाट पाहत टेकून उभी होती. बिचाऱ्या स्मारकाला आपण दुसरे कामच ठेवलेले नाही.

पण आम्हाला खरे सांगायचे आहे ते कोठीभोवतीच्या बाजाराविषयी. रेसिडेन्सीच्या भोवतालच्या बाजारावर अंमल इंग्रजांचा होता. १९३३ साली तो भाग निजामाला परत मिळाला आणि मग त्याला सुलतान बाजार म्हणू लागले. तोवर तो ‘रेसिडेन्सी बाजार’. निजामाच्या राज्यात सभा भरवायची, खाजगी शाळा काढायची तर परवानगीसाठी खेटे घालावे लागत. रेसिडेन्सीच्या हद्दीत निजामाच्या पोलिसांचा हात पोचत नसे. म्हणून ज्याला काही बोलायचे आहे, छापायचे आहे, चार माणसे जमवायची आहेत, तो इकडे यायचा. परक्या सत्तेच्या सावलीत बसून आपल्या लोकांनी मोकळा श्वास घेतला, ही गोष्ट सांगायला थोडी अवघड आहे, पण तशी होती खरी.

१८९२ मध्ये इथे आर्य समाज आला. १९०७ मध्ये याच परिसरात विवेकवर्धिनी निघाली. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर, वामनराव नाईक ही नावे त्या पिढीची. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण ओळखतो ते पंडित सातवळेकर तेव्हा इथे चित्रकार होते, पोट्रेट रंगवून चरितार्थ चालवत, आणि विवेकवर्धिनीच्या उभारणीत त्यांचा हात होता. १९२२ मध्ये इसामिया बाजारात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. हे सगळे आपल्या मंडळाच्या भाषणांत दरवर्षी येते. टाळ्याही मिळतात.

आता दुसऱ्या ग्रंथालयाकडे जाऊ. सुलतान बाजारातच श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम आहे. १ सप्टेंबर १९०१ ची स्थापना, म्हणजे आपल्या ग्रंथसंग्रहालयाहून एकवीस वर्षांनी थोरले. आम्ही आजवर शेकडो वेळा त्या भागातून गेलो असू, आत पाऊल टाकले ते यंदा. त्याच्या संस्थापकांत एक नाव आहे कोमर्राजू लक्ष्मणराव. तेलुगू विश्वकोशाचे काम यांनीच हाती घेतले. या गृहस्थांचे शिक्षण नागपूरला झाले. मराठी त्यांना इतके उत्तम येत असे की मराठी नियतकालिकांत ते लेख लिहीत. तेलुगूत त्यांनी शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले. आमच्या कचेरीतल्या तेलुगू सहकाऱ्यांना लक्ष्मणराव ठाऊक आहेत. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव आधी ऐकले होते? आम्ही तरी नव्हते ऐकले.

आणि आता ती सभा. नोव्हेंबर १९२१. स्थळ विवेकवर्धिनीचे थिएटर. हैदराबाद संस्थानातली सामाजिक सुधारणा परिषद भरली होती आणि अध्यक्षस्थानी होते आपले धोंडो केशव कर्वे. भाषणे इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. मग अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील उठले आणि त्यांनी तेलुगूत बोलायला सुरुवात केली. सभागृहात हसणे सुरू झाले, टाळ्या पिटल्या गेल्या, आणि त्यांना बोलू दिले नाही. ज्या संस्थानात जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलत, त्याच्या राजधानीत हे घडले. हसणाऱ्यांत मराठी माणसे होती. आपण पाव होतो, पण शिकलेले, वकिली-नोकरीतले, पुढच्या खुर्च्यांवर बसणारे होतो.

त्याच रात्री काही तेलुगू मंडळी एका घरी जमली आणि आंध्र जनसंघाची सुरुवात झाली. त्यातून पुढे आंध्र महासभा उभी राहिली. तिचे पहिले अधिवेशन १९३० मध्ये जोगीपेठला झाले, अध्यक्ष सुरवरम प्रतापरेड्डी. आपली महाराष्ट्र परिषद भरली ती १९३७ मध्ये परतूरला. म्हणजे ज्यांना आपण गप्प बसवले, त्यांनी संघटना आधी बांधली आणि आपण मागून त्या वाटेने गेलो.

तेलंगणाच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही सभा असते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना ती पाठ असते. आपल्या स्मरणिकांत मात्र ती आम्हाला सापडली नाही. विवेकवर्धिनी येते, कर्वे येतात, ती संध्याकाळ येत नाही. आमच्यापैकी एकाला कचेरीत जेवणाच्या सुट्टीत एका तेलुगू सहकाऱ्याने हसत विचारले, “तुमच्याच हॉलमध्ये झालं ना ते?” विचारण्यात राग नव्हता. पण उत्तर काय द्यायचे हे आपल्याकडे कोणी शिकवलेले नाही.

आमच्यातच यावर वाद झाला, तोही सांगतो. एक म्हणाले, गणपतीच्या दिवसांत हे कशाला उकरायचे, शंभर वर्षे होऊन गेली. दुसरे म्हणाले, उर्दू राज्यभाषा, १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे, आपल्या मुलांनाही मायबोलीत वरचे शिक्षण मिळत नव्हते, आपणही दबलेलेच होतो. बरोबर आहे. पण स्वतःच्या भाषेसाठी रडणारी माणसे शेजाऱ्याच्या भाषेला हसली, हे त्याने पुसले जात नाही, उलट जास्त बोचते. वादाचा निकाल लागला नाही. भाषण मात्र करायचे ठरले.

या गोष्टीला एक शेपूट आहे, आणि ते आम्हाला फार आवडते. १९२८ मध्ये माडपाटी हनुमंतराव यांनी नारायणगुड्याला तेलुगू मुलींची शाळा काढली. पुढे मुलींनी तेलुगूतून वरची परीक्षा द्यायची तर ती घेणार कोण? सरकारकडे तशी सोय नव्हती. ती शाळा जोडली गेली पुण्याला, कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला. ज्या अध्यक्षांच्या समोर तेलुगू बोलणे बंद पाडले गेले, त्यांच्याच विद्यापीठाने तेलुगू मुलींच्या तेलुगूला दार उघडले. कर्व्यांना ती संध्याकाळ आठवत होती की नाही, हे कोणी लिहिलेले आमच्या वाचनात नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानाचे भाषेवार तुकडे पडले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण इथे राहिलो. कोणाची नोकरी होती, कोणाचे दुकान, कोणाचे नुसते घर. आज आम्ही फाइलवर टिपण तेलुगूत लिहितो, मुले शाळेत तेलुगू शिकतात, आणि इसामिया बाजाराच्या ग्रंथसंग्रहालयात शेवटचे पुस्तक कधी बदलले असे विचारले तर इथले बरेच हात खाली राहतील. आमचेही राहायचे, यंदापर्यंत.

ही वस्ती फार दिवस अशीच राहणार नाही. गल्ल्यांवरून मेट्रो गेली आहे. गौळीगुड्याचा तो जुना कमानदार बसस्टँड २०१८ मध्ये एका पहाटे कोसळला, बरे तर बरे, आत कोणी नव्हते. जुन्या वाड्यांच्या जागी चार मजली दुकाने होताहेत. त्यात चूक काही नाही, लोकांना पोट आहे. पण जे पाहायचे ते आत्ताच पाहून घ्यावे.

म्हणून विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पुन्हा निघतो आहोत. कॉलेजच्या फाटकाशी जमायचे, आधी भाषा निलयम, मग विवेकवर्धिनी, शेवटी ग्रंथसंग्रहालय. ऊन चढायच्या आत परत. डबा आणू नका, बडी चौडीला इडली खाऊ. यंदा आमच्या कचेरीतले तीन तेलुगू सहकारी सहकुटुंब येणार आहेत, त्यामुळे वाटेत माहिती तेलुगूतूनही सांगितली जाईल. ज्यांचे तेलुगू अजून भाजीवाल्यापुरतेच आहे त्यांनी तोवर थोडे कानावरून घालून यावे. नावे कार्यवाहांकडे द्या, म्हणजे इडलीचा अंदाज येईल.